स्पॅनिश भाषकांना इंग्रजीत सोपं काय, अवघड काय?

मेक्सिको, कोलंबिया किंवा स्पेनमधला माणूस इंग्रजी शिकायला बसतो, तेव्हा हजारो शब्द त्याच्या पदरी आधीच असतात. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच-लॅटिन शब्द इंग्रजीत भराभर शिरले. स्पॅनिश तर लॅटिनचीच लेक! त्यामुळे ‘नासिओन’वरून ‘नेशन’, ‘लिबेर्ताद’वरून ‘लिबर्टी’ झटकन ओळखू येतं.

खरी गंमत पुढेच आहे. ‘टॉलरेट’सारखा भारदस्त शब्द त्यांना सहज कळतो, कारण स्पॅनिशमध्ये ‘तोलेरार’ आहे. पण त्याच अर्थाचं, रोजच्या बोलण्यातलं ‘पुट अप विथ’ मात्र घाम फोडतं.

अडखळण्याच्या नेहमीच्या जागा:

🔹 कर्ता: स्पॅनिशमध्ये तो क्रियापदाच्या रूपावरूनच कळतो, आपल्या ‘आलो’, ‘आलीस’सारखा. म्हणून ‘इट’ गाळून नुसतंच ‘इज रेनिंग’ म्हटलं जातं.

🔹 वय: स्पॅनिशमध्ये माणसाकडे वर्षं ‘असतात’. मग ‘आय हॅव ट्वेंटी इयर्स’ असं वाक्य तयार होतं.

🔹 उच्चार: स्पॅनिश स्वर पाचच, त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ सारखेच ऐकू येतात. शब्दाच्या सुरुवातीला ‘स्क’, ‘स्ट’ येत नाही, म्हणून ‘स्कूल’चं ‘एस्कूल’ होतं.

🔹 फसवे शब्द: ‘एम्बारासादा’ म्हणजे ‘एम्बॅरस्ड’ नव्हे, गरोदर!

शिकणाऱ्यांनी लॅटिन वळणाच्या शब्दांवर फार वेळ घालवू नये. ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांच्या ‘पुट अप विथ’सारख्या जोड्या अख्ख्या वाक्यांतून शिकाव्यात, बोलणं तिथेच सुधारतं.