घराची दुरुस्ती आणि जमिनीजवळचे जीव

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. राहत्या घराची दुरुस्ती करून पाहावी, असे मात्र कोणी म्हणून ठेवलेले नाही. ज्याने ती केली, त्याला म्हण रचायला उसंतच मिळाली नसावी!

पावसाळा सरला, की आपल्या गावात गल्लोगल्ली हातोड्याचे आवाज सुरू होतात. कुणाची फरशी बदलते, कुणाची न्हाणी मोठी होते, कुणाला दिवाळीपूर्वी दारे-खिडक्या रंगवून घ्यायच्या असतात. या गडबडीत माणसे खर्चाची आणि मुहूर्ताची काळजी करतात. घरातल्या कुत्र्या-मांजराचा विचार फार तर 'बांधून ठेवा त्याला' इथवर होतो. आज त्याबद्दलच चार शब्द लिहितो. हा विषय केवळ जनावरे पाळणाऱ्यांचा आहे असे समजून पान उलटू नका. ज्यांच्या घरात रांगते मूल आहे, त्यांच्यासाठीही तो तितकाच महत्त्वाचा आहे.

कारण साधे आहे. धूळ, चुना, रंगाचे कपचे, सांडलेली औषधे हे सारे शेवटी जमिनीवर येते. आपण मोठी माणसे जमिनीपासून पाच फूट वर श्वास घेतो. कुत्रे, मांजर आणि रांगते मूल मात्र जमिनीलगत राहतात. जनावर पंजे चाटते, मूल बोटे तोंडात घालते. म्हणजे जे जमिनीवर पडले, ते त्यांच्या पोटात गेलेच म्हणून समजा.

सरकारी पशुवैद्यकीय खात्यात माझी बत्तीस वर्षे गेली. यंदा कराडच्या शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराचे काम काढले. माजघराची फरशी, न्हाणीची दुरुस्ती आणि सगळ्या दारांना नवा रंग. घरात आम्ही दोघे, मुलगा, सून आणि दहा महिन्यांचा नातू. शिवाय मोती नावाचा गावठी कुत्रा, मनी नावाची मांजर आणि पिंजऱ्यात बजरीगर पक्ष्यांची जोडी. कामाचा सर्वांत धांदलीचा जो एक दिवस होता, त्याचीच हकिगत सांगतो. त्यातून उपयोगाचे तेवढे वाचकांनी उचलावे.

सकाळी सात : आधी जिवांची सोय

गवंडी यायच्या आत पक्ष्यांचा पिंजरा शेजारच्या काकूंकडे पोचता केला. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यामुळे हवेतला विषारी वायू त्यांना आपल्या कितीतरी आधी बाधतो. इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींत याच कारणासाठी पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत असत आणि ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. ताज्या ऑईलपेंटच्या वासात पक्षी ठेवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. पिंजरा दुसऱ्या खोलीत नेऊन भागत नाही, दुसऱ्या घरातच न्यावा.

मोतीला पहाटे लांब फिरवून आणले, खायला घातले आणि परसात आंब्याच्या सावलीत बांधले. समोर जड बुडाचे पाण्याचे भांडे ठेवले. काही लोक अशा दिवशी कुत्र्याला पत्र्याच्या खोलीत कोंडतात, तसे करू नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. कोंदट पत्र्याखाली दुपारी त्याला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही.

मनीला मागच्या खोलीत ठेवले. सोबत पाणी, खाणे, वाळूचे घमेले आणि लपायला एक खोका. दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'मनी आत आहे. दार उघडू नये.' मांजर आवाजाला घाबरले, की भोकात, माळ्यावर, न्हाणीच्या फटीत शिरते. म्हणून कोणतीही पोकळी बुजवण्यापूर्वी घरातले मांजर कुठे आहे ते डोळ्यांनी पाहावे आणि मगच गवंड्याला होकार द्यावा.

साडेनऊ : जुन्या रंगाची धूळ

सुतार आला आणि त्याने पॉलिश पेपरचे मशीन दाराला लावायला घेतले. मी त्याला थांबवले. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मशीननं अर्ध्या तासात दार गुळगुळीत होतंय. हातानं घासत बसलो तर दिवस जाईल." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण ही दारे १९६८ सालची. त्यांवर ऑईलपेंटचे चार-पाच थर बसलेले, आणि जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगातले शिसे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि रंग तयार करणाऱ्या कारखान्यांना तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री देता येत नाही.

मी एवढा आग्रह का धरला, तेही सांगतो. २००९ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे एका घरचा कुत्रा आणला. तीन दिवस उलट्या, खाणे बंद, आणि आता झटके. जबडा सारखा चावल्यासारखा हलत होता, तोंडाला फेस. शेजाऱ्यांनी 'पिसाळला' म्हणून गल्लीत हाकाटी केलेली. पण लसीचे कार्ड नीट भरलेले होते. घरात काय चालले आहे, असे विचारले तेव्हा कळले की आठवडाभर जुन्या खिडक्या खरवडणे चालू होते. उपचार सुरू केले, पण कुत्रा त्याच रात्री गेला. शवविच्छेदनात त्याच्या पोटात रंगाचे कपचे निघाले.

त्या घरात तीन वर्षांची मुलगी होती. तिचे पोट दुखायचे, जेवायची नाही, चिडचिड करायची. जंत असतील म्हणून औषध चालू होते. मी तिच्या वडिलांना म्हटले, "हा कागद घेऊन मुलीच्या डॉक्टरांना आजच भेटा." तिचे रक्त पुण्याला तपासायला पाठवले आणि त्यात शिसे वाढलेले निघाले. मुलीला मामाच्या गावी हलवले, घर ओल्या फडक्याने पुसून काढले, खिडक्यांचे काम बंद ठेवले. पुढच्या काही महिन्यांत तिच्या रक्तातले शिसे उतरत गेले. कुत्र्याच्या पोटातले कपचे दिसले नसते, तर त्या मुलीला आणखी किती दिवस जंताचेच औषध मिळाले असते, कोण जाणे!

लहान मुलांच्या रक्तातले शिसे थोडे वाढले, तरी ते मेंदूच्या वाढीला आणि अभ्यासाला मारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले, तर ते कुठून येते ते शोधून बंद केले पाहिजे. याला 'सुरक्षित' म्हणावी अशी पातळी माहीत नाही.

म्हणून आमच्या दारांचे काम असे झाले. दारे परसात, मोतीपासून लांब, प्लॅस्टिकच्या कागदावर आडवी घातली. पाणी मारून रंग ओला केला आणि हातानेच घासला. ओल्या रंगाची धूळ उडत नाही. सुताराला नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क दिला. निघालेला चिखल कागदासकट गुंडाळून पोत्यात भरला. रंगाचे लाकूड किंवा कपचे बंबात जाळू नयेत, कारण शिसे त्या धुरात उतरते. सुताराला एकच विनंती केली, की तंबाखू मळण्याआधी आणि चहा घेण्याआधी हात साबणाने धुवावेत. त्या दिवशी सुनेने नातवाला माहेरी नेले, हे सर्वांत उत्तम झाले.

बारा : सिमेंट

माजघरात माल कालवणे चालू झाले. ओले सिमेंट आणि चुना हे दोन्ही तीव्र क्षार. त्यातून चालून गेलेल्या कुत्र्या-मांजराच्या पंजाची कातडी भाजते, आणि पंजा चाटला तर जीभही. असे झाल्यास भरपूर साध्या पाण्याने धुवावे. लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नये. डोळ्यात गेल्यास पंधरा ते वीस मिनिटे पाण्याची धार धरावी आणि दवाखाना गाठावा.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे माल कालवणारी बाई अनवाणी होती. तिच्या तळपायाला भेगा होत्या आणि त्या भेगांत सिमेंट. मोतीच्या पंजाची काळजी करायची आणि तिच्या पायाकडे पाहायचे नाही, हे काही बरोबर नाही. सौ.ने तिच्यासाठी रबरी बूट आणि हातमोजे आणवले. एकूण खर्चात त्याचा काही हिशेबच नव्हता. फरशी कापणाऱ्यालाही पाणी सोडूनच कटर चालवायला सांगितले. दगडाची कोरडी धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरे करणारे औषध नाही.

अडीच : मनीची शेपटी

वायरमनला मागच्या खोलीतले बटण तपासायचे होते. खडूची सूचना न वाचता त्याने दार उघडले आणि मनी सुसाट बाहेर पळाली. रंगाऱ्याच्या डब्याला घासून गेली आणि अर्धी शेपटी हिरवीगार! रंगाऱ्याचा पोऱ्या लगेच टर्पेंटाईनचे फडके घेऊन धावला. मी ते त्याच्या हातातून काढून घेतले.

अंगावरचा रंग काढायला टर्पेंटाईन किंवा रॉकेल कधीही वापरू नये. त्याने कातडी जळते, आणि मांजर ते चाटून पोटात घेते. मनीला टॉवेलमध्ये गुंडाळले, शेपटीला गोडेतेल चोळून रंग सैल केला, फडक्याने पुसला, मग सौम्य साबण आणि कोमट पाण्याने धुतले. उरलेले रंगाचे केस कात्रीने कापले. पाण्यात मिसळणारा रंग असता, तर तो ओला असतानाच साबणपाण्याने निघाला असता.

जनावराने टर्पेंटाईन किंवा रॉकेल प्यायले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते आणि निमोनिया होतो. डबा बरोबर घेऊन सरळ पशुवैद्याकडे जावे. माणसाच्या मुलालाही हाच नियम लागू आहे.

चार वाजता : वाळूची ट्रॉली

वाळूची ट्रॉली आली, फाळका दणकन आदळला आणि मोती साखळीला हिसके देऊ लागला. बिगाऱ्याचा मुलगा त्याला गोंजारायला निघाला होता, त्याला लांबच थांबवले. घाबरलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावू शकतो. काम काढण्यापूर्वी कुत्र्याची रेबीजची लस झाली आहे ना, ते पाहावे. तरीही कुणाला चावा बसलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. दंडात लस घेतल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि कातडीत घेतल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी ती घ्यावी लागते. एकही दिवस चुकवू नये.

संध्याकाळी : आवरासावर

गडी गेल्यावर कोरडा झाडू मारू नये, कारण बसलेली धूळ पुन्हा उठते. ओल्या फडक्याने दोनदा पुसावे. दोरीला लोहचुंबक बांधून जमिनीवरून फिरवला, की खिळे-चुका आपोआप गोळा होतात. मांजराच्या घरी पुसायच्या पाण्यात फिनेल घालू नये. मांजराचे यकृत फिनॉलसारखी द्रव्ये निकामी करू शकत नाही. त्याच कारणाने मांजराला पॅरासिटामॉलही देऊ नये. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. वाळवीचे औषध मारायचे असेल, तर त्यासाठी वेगळा दिवस ठरवून मुलाबाळांसह आणि जनावरांसह घर रिकामे करावे. औषध मारल्यानंतर जनावराला लाळ गळणे, थरथर किंवा झटके दिसले, तर रात्र असली तरी थांबू नये. मोठा आजार असेल, तर आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

शेवटी एकच सांगतो. घरात काम चालू असताना किंवा त्यानंतरच्या महिन्याभरात घरातले मूल, म्हातारे माणूस वा जनावर आजारी पडले, तर डॉक्टरांसमोर बसल्याबरोबर पहिले वाक्य हे बोला : "आमच्या घरात दुरुस्ती चालू आहे." डॉक्टरांना ते दिसत नाही आणि विचारायचे सुचेलच असे नाही. कोणता रंग, कोणते औषध, किती जुनी दारे, तेही सांगा. एवढ्या एका वाक्याने निदानाचा रस्ता बदलू शकतो.