खोलीतील रंगांचे प्रमाण आणि मराठीतील रंगछटावाचक शब्द

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• खोलीतील रंगांचे प्रमाण कसे ठरते, हे सांगता येईल;
• रंगाची तीव्रता दाखवणाऱ्या मराठी शब्दांचा नेमका वापर करता येईल.

१. प्रस्तावना
दिवाळीपूर्वी अनेक घरांत रंगकाम निघते. दुकानातील बोटभर पट्टीवर आवडलेला रंग चारही भिंतींवर लागला की डोळ्यांना खुपतो. रंग तोच असतो. बदललेले असते ते त्याचे क्षेत्रफळ. पुन्हा रंग द्यायचा तर मजुरीही पुन्हा द्यावी लागते. रंगाऱ्याशी आपला व्यवहार शब्दांतूनच होत असल्याने हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

२. प्रमाणाचे गणित
सजावटकार ६०:३०:१० असे स्थूल प्रमाण मानतात : मुख्य रंग ६० टक्के, दुय्यम रंग ३० टक्के आणि उठावाचा रंग १० टक्के. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १० फूट असलेली खोली घेऊ. चार भिंतींचे ४०० चौरस फूट, छत व जमीन प्रत्येकी १००, असे एकूण ६०० चौरस फूट होतात. उठावाच्या रंगाचा वाटा ६० चौरस फूट. एकच भिंत लालभडक केली, तरी जवळजवळ १७ टक्के जागा व्यापली जाते. याउलट दार (२१), पडदा (१६) आणि पलंगपोस (२४) मिळून ६१ चौरस फूट होतात. तेवढा लाल रंग पुरेसा असतो.

तेजस्वी रंगाला जागा कमी लागते, हे तत्त्व स्विस चित्रकार योहान्नेस इटेन यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यांच्या मते पिवळ्याचा एक भाग जांभळ्याच्या तीन भागांशी तोल साधतो.

३. धाब्याचे घर
अहिल्यानगर जिल्ह्यातील जुन्या धाब्याच्या घरांत हा तोल परंपरेने साधलेला दिसतो. खिडक्या लहान असल्याने उजेड पसरवण्यासाठी भिंती पांढऱ्या मातीने पोतारलेल्या किंवा चुन्याने रंगवलेल्या; जमीन शेणाने सारवलेली, वर लाकडाचे काळपट छत; आणि भिंतीच्या तळाशी गेरूचा पट्टा. वरच्याच मापाच्या खोलीत हा वीतभर पट्टा चारही बाजूंनी फिरवला, तरी सुमारे ३० चौरस फूट, म्हणजे ५ टक्केच भरतो. तरीही नजर प्रथम तिथेच जाते. गावाच्या वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणणाऱ्या या भाषेत रंग हा परिसराचाच भाग आहे.

४. रंगछटांचे शब्द
मराठीत रंगाची तीव्रता शब्दाच्या घडणीतच व्यक्त होते.
(अ) सौम्यता : लालसर, निळसर, तांबूस, पांढुरका.
(आ) तीव्रता : लालभडक, पिवळाधमक, निळाशार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र.

तीव्रतादर्शक शब्दांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. ‘काळाकुट्ट’ म्हणतात, ‘हिरवाकुट्ट’ म्हणत नाहीत. प्रत्ययानुसार भावही बदलतो. ‘पिवळसर’ भिंत प्रसन्न वाटू शकते. ‘पिवळट’ म्हटले की ती जुनाट, विटलेली वाटते. ‘मळकट’, ‘तेलकट’ या शब्दांतही हाच नापसंतीचा सूर आहे. म्हणून रंगाऱ्याला ‘पिवळा द्या’ एवढेच सांगणे अपुरे ठरते.

येथे शब्द आणि प्रमाण एकत्र येतात. विस्तृत पृष्ठभागासाठी (अ) गटातील छटा, मोजक्या जागेसाठी (आ) गटातील, हा व्यवहारात उपयोगी पडणारा संकेत होय. ‘पांढराशुभ्र’ हा त्याला ठळक अपवाद; तो तीव्र असूनही मोठ्या जागेत सामावतो.

५. सारांश
रंगाचा परिणाम छटा आणि क्षेत्रफळ या दोहोंवर अवलंबून असतो. लेखनातही हेच दिसते : प्रत्येक वाक्यात तीव्र विशेषण आले की वर्णनाला आपण ‘भडक’ म्हणतो. हा शब्द भिंतीकडून शैलीकडे आला, यातच त्याचे मर्म आहे.

स्वाध्याय
१. तुमच्या खोलीतील तीन प्रमुख रंगांचे क्षेत्रफळ मोजा व टक्केवारी काढा.
२. त्याच खोलीचे दहा ओळींत वर्णन करा. तीव्रतादर्शक शब्द एकदाच वापरा.
३. ‘-सर’ व ‘-ट’ प्रत्ययांनी होणारा अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.