जी. ए. कुलकर्णी यांच्या कथानायकांची नियती

मराठी कथेतील मृत्यू व नियती यांचा विचार निघाला की जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांचे नाव प्रथम पुढे येते आणि त्यामागोमाग ‘नियतिवादी’ हे विशेषणही. हे विशेषण खोटे नव्हे. परंतु ते लावून अभ्यासक थांबला, तर या कथांतील माणूस त्याच्या दृष्टीआड होतो.

आपल्या परंपरेत दैवाविषयी निदान दोन कल्पना नांदत आल्या आहेत. एक प्राक्तनाची : पूर्वकर्माचे फळ भोगावे लागते, म्हणजे दुःखामागे काही नैतिक हिशेब असतो. दुसरी सटवाईच्या लेखाची. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई त्याच्या कपाळी लेख लिहून जाते, ही समजूत नंदुरबारसह खानदेशात आणि महाराष्ट्रात इतरत्रही परिचित आहे. या लेखास कारण लागत नाही. जी. एं.ची नियती या दुसऱ्या कल्पनेस जवळची आहे. ‘रमलखुणा’ (१९७५), ‘सांजशकुन’ (१९७५), ‘पिंगळावेळ’ (१९७७) ही संग्रहांची नावेही भविष्यकथन व शकुन यांच्याच परिभाषेतून आलेली आहेत. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य पाहण्याची विद्या. आणि फासा न्याय करीत नाही.

मग नायकाच्या हाती काय उरते? जुन्या कथांनी याची दोन उत्तरे दिली. सावित्री यमास शब्दांत गुंतवून माघारी फिरविते. उलट, ग्रीक कथेतील ईडिपस भाकितापासून दूर पळतो आणि पळण्यानेच ते खरे करतो. जी. एं.चा नायक मृत्यूस परतवीत नाही आणि अखेरीस पळतही नाही. तो डोळे उघडे ठेवून त्याकडे पाहतो.

‘पिंगळावेळ’मधील ‘स्वामी’ ही कथा घ्यावी. एक सामान्य प्रवासी एका मठात जातो आणि मानाच्या नावाखाली कायमचा कोंडला जातो. त्याच्याकडून कोणताही अपराध घडलेला नाही. येथे प्राक्तनाचा हिशेब लागत नाही. सुटका नाही हे पुरते उमगल्यावर त्याचे लक्ष एका वेलीकडे वळते. आपण नव्हे, पण तिने तरी उजेडापर्यंत पोहोचावे, ही त्याची इच्छा होते. मृत्यू टळत नाही. त्याचा अर्थ मात्र कोंडणाऱ्यांच्या हाती राहत नाही.

त्याच संग्रहातील ‘ऑर्फियस’ही येथे ताडून पाहण्याजोगी आहे. मूळ पुराणकथेत गायक अधीरतेने मागे वळतो आणि पत्नीस दुसऱ्यांदा गमावतो. जी. एं.च्या कथेत हे वळणे केवळ स्खलन राहत नाही. ते जाणतेपणी केलेले कृत्य ठरते. घटना तीच, परंतु कर्ता बदलला : दैवाने करविलेली गोष्ट नायकाने स्वतःची केली.

यावरून असे म्हणता येईल की या कथांत घटनांवर नियतीची सत्ता आहे, परंतु जाणिवेवर ती पूर्ण नाही. हे स्वातंत्र्य अल्प आहे आणि त्याचे मोलही जबर आहे. कारण त्यातून सांत्वन मिळत नाही, केवळ स्पष्टता मिळते. म्हणून ‘नायकाचे काय झाले’ या प्रश्नाबरोबरच ‘ते होत असता त्याने काय पाहिले’ हा प्रश्नही या कथांना विचारावयास हवा. ‘नियतिवादी’ या शब्दाचे या कथांपुरते मोजमाप तेथूनच सुरू होते.