नाटक कोणाचे?

शेक्सपिअरची नाटके शेक्सपिअरने लिहिलीच नाहीत, हा वाद पुष्कळांच्या कानांवरून गेलेला असतो. रोलंड एमेरिक यांच्या २०११ सालच्या ‘अ‍ॅनॉनिमस’ या चित्रपटाने त्यावर एक दरबारी रहस्यकथा उभी केली. खरा नाटककार ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल एडवर्ड डी व्हीअर. उमरावाने रंगभूमीसाठी लिहिणे कमीपणाचे, म्हणून नाव एका नटाचे. आणि भोवती एलिझाबेथ राणीच्या वारसाचे कारस्थान, अशी तिची मांडणी आहे. ही कल्पना मात्र जुनी. टॉमस लोनी या इंग्रज शिक्षकाने ती १९२० साली ग्रंथरूपाने मांडली होती.

आता पुरावा पाहू. फ्रान्सिस मीअर्सने १५९८ साली उत्तम सुखात्मिकाकारांची जी यादी दिली, तीत ऑक्सफर्ड आणि शेक्सपिअर ही दोन नावे वेगवेगळी आहेत. ऑक्सफर्ड १६०४ साली वारला. ‘टेम्पेस्ट’वर मात्र १६०९ साली बर्म्युडापाशी फुटलेल्या जहाजाच्या हकिकतींची छाया दिसते. नाटके आधीच लिहून ठेवली होती, हे उत्तर येथे लंगडे पडते.

चित्रपटात एसेक्सच्या बंडापूर्वी ‘तिसरा रिचर्ड’ होतो. प्रत्यक्षात ७ फेब्रुवारी १६०१ रोजी झाला तो ‘दुसरा रिचर्ड’, म्हणजे राजाच्या पदच्युतीचे नाटक. खेळ जुना झाला, प्रेक्षक येणार नाहीत, अशी नटांची कुरकुर होती. एसेक्सच्या माणसांनी नेहमीपेक्षा चाळीस शिलिंग जास्त देऊन तो करविला. दुसऱ्या दिवशी बंड झाले आणि फसले. मंडळीतील ऑगस्टीन फिलिप्स याची जबानी झाली, पण नटांना शिक्षा झाली नाही. २४ फेब्रुवारीला हीच मंडळी राणीपुढे नाटक करीत होती. दुसऱ्या दिवशी एसेक्सचा शिरच्छेद झाला. याहून थरारक प्रसंग कोणता कल्पावा?

मग संशय टिकतो कशावर? हातमोजे करणाऱ्याचा, विद्यापीठ न पाहिलेला मुलगा असे लिहीलच कसा, या एका समजुतीवर. गंमत अशी, की याच चित्रपटात चांभाराचा मुलगा मार्लो आणि गवंड्याचा सावत्र मुलगा बेन जॉन्सन हे कवी म्हणूनच वावरतात; त्यांच्याविषयी कोणाला शंका नाही. चित्रपट खुशाल पाहावा. मात्र प्रतिभेला कुळाचा दाखला मागणारा तो प्रश्न आपल्या मनात घर करणार नाही, एवढी काळजी घ्यावी.