'क्वीन'चा अबोल आधारस्तंभ

रॉक संगीताच्या कार्यक्रमात प्रेक्षकांचे डोळे गायकावर आणि लीड गिटारवादकावर खिळलेले असतात. बेस गिटार वाजविणारा बहुधा ड्रमच्या शेजारी, प्रकाशझोताच्या कडेला उभा असतो. चार जाड तारांच्या या वाद्याचे खर्जातले स्वर पुष्कळदा वेगळे जाणवतही नाहीत. पण ते थांबले, की गाण्याखालची जमीनच सरकते. 'क्वीन' या ब्रिटिश बँडमध्ये ती जमीन जॉन डीकन यांनी सांभाळली.

बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेले पारशी. त्यामुळे त्यांची कहाणी आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. रंगमंच गाजविणाऱ्या मर्क्युरींच्या अगदी उलट स्वभावाचे डीकन १९ ऑगस्ट १९५१ रोजी लेस्टर येथे जन्मले. १९७१ मध्ये ते बँडमध्ये आले, तेव्हा तीन बेसवादक येऊन गेले होते. चौघांत वयाने सर्वांत लहान असलेल्या डीकन यांनी त्याच वर्षी लंडनच्या चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी प्रथम श्रेणीत मिळविली.

ही पदवी कागदावर राहिली नाही. रस्त्याकडेच्या कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून त्यांनी बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनविला. 'डीसी अ‍ॅम्प' नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. गिटारवादक ब्रायन मे यांनी 'गुड कंपनी' या गाण्यात गिटारमधून जाझ वाद्यवृंदाचा भास निर्माण केला, तो याच डबड्याच्या साह्याने!

डीकन यांनी गाणी मोजकीच लिहिली. मात्र 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' आणि 'आय वाँट टू ब्रेक फ्री' ही लोकप्रिय गाणी त्यांचीच. १९८० मधील 'अनदर वन बाइट्स द डस्ट' तर सबंध बेसच्या एका सुरावटीवर उभे आहे. अमेरिकेतील 'शीक' या डिस्को बँडचा प्रभाव त्यावर स्पष्ट दिसतो. रॉक बँडने असे नृत्यसंगीत करावे का, याविषयी ड्रमवादक रॉजर टेलर साशंक होते. मायकेल जॅक्सन यांनी मात्र ते सिंगल म्हणून काढण्याचा आग्रह धरला आणि अमेरिकेत ते तीन आठवडे अग्रस्थानी राहिले. यातील शब्दांपेक्षा बेसच अधिक लक्षात राहतो, हे कोणीही मान्य करील.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरींचे निधन झाले. १९९२ मध्ये वेम्ब्ली स्टेडियमवरील श्रद्धांजली कार्यक्रमात डीकन वाजवायला उभे राहिले. जानेवारी १९९७ मध्ये पॅरिसला ते 'क्वीन'बरोबर अखेरचे मंचावर दिसले. त्याच वर्षी एका गाण्याचे ध्वनिमुद्रण करून, कोणतीही जाहीर घोषणा न करता, ते संगीतविश्वातून बाजूला झाले.

२००१ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये बँडचा समावेश झाला, त्या सोहळ्यालाही ते फिरकले नाहीत. मे आणि टेलर यांनी पुढे पॉल रॉजर्स व अ‍ॅडम लँबर्ट यांच्यासह दौरे केले. डीकन त्यांत नव्हते. बँडच्या आर्थिक निर्णयांना मात्र त्यांची संमती घेतली जाते, असे मे यांनी मुलाखतींत सांगितले आहे.