दोन बेटं, दोन घड्याळं आणि चार तासांचा चुकलेला फरक

तुलनात्मक अभ्यास करायचा ठरला की आपण आधी एक्सेल उघडतो. मीही तेच केलं होतं. आफ्रिकेतले दोन द्वीपदेश घेतले, मॉरिशस आणि साओ टोमे व प्रिन्सिपे. एका रकान्यात ग्रिनिचच्या पुढे 4 तास, दुसऱ्यात शून्य. फरक 4 तास. गाइडनी शीट पाहिली आणि एकच शब्द विचारला, "मग?"

खरंच, मग काय? हा आकडा फक्त दोन सरकारांचा निर्णय सांगतो. लोक उजाडताना उठतात की अंधारात, ते सांगत नाही.

त्यासाठी साधं गणित करा. एका रेखांशाला सूर्य 4 मिनिटं घेतो. मॉरिशस साधारण 57.5 अंश पूर्वेला, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ग्रिनिचच्या 3 तास 50 मिनिटं पुढे. घड्याळ 4 तास पुढे, म्हणजे सूर्यापेक्षा 10 मिनिटं पुढे. साओ टोमे 6.7 अंशांवर, तिथलं घड्याळ सूर्याच्या 27 मिनिटं मागे. (ही वर्षाची सरासरी, रोज थोडं इकडेतिकडे होतंच.)

आता गंमत बघा. दोन्ही देशांनी घड्याळ तासभर पुढे ढकलून पाहिलंय. मॉरिशसने 26 ऑक्टोबर 2008 ते 29 मार्च 2009, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात. हेतू वीज वाचवायचा होता. अपेक्षेएवढी बचत झाली नाही, आणि प्रयोग पुन्हा केला नाही. साओ टोमेने 1 जानेवारी 2018 ला गॅबॉनसारख्या शेजाऱ्यांची वेळ धरली. वर्षाच्या आत निवडणुकीत सत्ता बदलली आणि 1 जानेवारी 2019 ला घड्याळ परत मागे आलं.

2018 मध्ये साओ टोमेचं घड्याळ सूर्याच्या 33 मिनिटं पुढे होतं. आपलं पुणं? भारताची प्रमाणवेळ 82.5 अंशांची, पुणं सुमारे 73.9 वर. म्हणजे आपण रोज सुमारे 34 मिनिटं पुढे असतो! डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेची पोरं अंधुक उजेडात रिक्षाची वाट बघतात. आपण कुरकुरतो, पण घड्याळ बदला म्हणून कुणी मोर्चा काढत नाही.

मला वाटतं, इथेच खरा संशोधन-प्रश्न सापडतो. घड्याळ सूर्यापासून किती दूर आहे, हा एक चल. ते एका रात्रीत किती सरकलं, हा दुसरा. माझ्या शीटमध्ये दुसरा नव्हताच. आपल्याकडेही ज्या पिढीचं घड्याळ सरकलं, ती गप्प बसली नव्हती. 1906 मध्ये प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या जुन्या वेळेपेक्षा 39 मिनिटं पुढे होती. गिरणी कामगारांनी निषेध केला, आणि 'बॉम्बे टाइम' शहरात 1955 पर्यंत तग धरून राहिला.

पण लगेच निष्कर्षाला उडी मारू नका. साओ टोमेत घड्याळासोबत सरकारही बदललं होतं. लोकांना त्रास झाला म्हणून वेळ मागे गेली, की आधीच्यांचा निर्णय म्हणून? नुसत्या तारखांवरून ते ठरत नाही. शिवाय घड्याळ सगळ्यांना सारखं लागत नाही. मासेमारीला निघणारा भरती-ओहोटी बघतो, घंटा लागते ती शाळेला आणि कचेरीला. मुलाखती घ्याल तेव्हा दोघांनाही विचारा.

एक व्यवहाराची गोष्ट. मॉरिशसचा जुना तासवार डेटा (वीज, हवामान, काहीही) वापरताना सरसकट 4 तास धरलेत, तर त्या पाच महिन्यांच्या नोंदी तासाने चुकतील. 'आयाना'च्या टाइम झोन डेटाबेसमध्ये असे जुने बदल नोंदलेले आहेत, आधी तिथे बघा.

मॉरिशसमध्ये आपल्याला एक सोय आहे. तिथे मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे, मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात. पुण्यात साडेअकरा तेव्हा तिथे दहा, म्हणजे फोनवर बोलणंही जमतं. फक्त "नवी वेळ आवडली का?" असं विचारू नका. "2008 च्या डिसेंबरात रात्रीचं जेवण किती वाजता व्हायचं, आणि तेव्हा बाहेर उजेड होता का?" असं विचारा. आणि फक्त मराठी घरांशी बोलून 'मॉरिशसचं मत' लिहू नका.