परदेशी लढलेल्या शिपायाचा माग

शोध घरातल्या ट्रंकेपासून सुरू होतो. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक किंवा निदान पदक शोधावे. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. नंबर मिळाला की निम्मे काम झाले.

युद्धात मृत्यू आला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी मोफत पाहता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच नोंदींत वडिलांचे आणि गावाचे नावही मिळते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे यांचे नाव कॅसिनो स्मारकावर आहे. मेसोपोटेमियातल्या मराठा पलटणींचे तसे नाही. बसरा स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावे कोरलीच नव्हती, नुसता आकडा होता. तिथे भिंतीपेक्षा यादीच कामाची.

गावाच्या नावाला जुना नकाशा लागतो. उल्हासनगर हे नाव 1949 चे. त्याआधी तिथे कल्याण कॅम्प ही लष्करी छावणी होती. अंबरनाथ आणि बदलापूर तेव्हा कल्याण तालुक्यात, म्हणून नोंदीत ‘कल्याण, ठाणा’ शोधावे. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांनी सिंधमधला मूळ जिल्हा धरावा. आडनावांची स्पेलिंगे कारकुनाच्या मर्जीवर असत; दोन-तीन प्रकारे पाहावे.

जिवंत परतलेल्यांचा माग अवघड. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगावचे रेजिमेंटल सेंटर, महार रेजिमेंटसाठी सागर इथे नंबरासह अर्ज करावा.